साखळीतल्या तीन नोंदी

पालघरला माहीम रस्त्यावर एका बँकेच्या डोक्यावरच्या मजल्यात वनपट्टा नोंद कक्ष थाटला होता. तिथे भावना वरठाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, ही पोरगी चुकत नाही. सरकारी कामात दोन माणसांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं हेच मुळात नवल, इथे तर शिपायापासून साहेबापर्यंत सगळे एकाच सुरात बोलत. गट नंबर असो, चतुःसीमा असो, आधारचे बारा आकडे असोत, भावनाच्या हाताखालून गेलेला कागद पुन्हा तपासायची गरज नसे. ती सकाळच्या एसटीने बोईसरहून यायची, डबा खिडकीत ठेवायची, खुर्चीवर रुमाल अंथरायची आणि टाइप करायला बसली की जेवणाच्या सुट्टीलाच मान वर करायची.

बोलणं तर अगदी इस्त्रीचं. डोंगराकडच्या पाड्यावर वारली घरात जन्मलेली, बाप हंगामात वीटभट्टीवर जाणारा, पण तिच्या तोंडून चुकूनसुद्धा ‘हाय’ नि ‘नाय’ निघत नसे. आश्रमशाळेत आठवीला एका बाईंनी तिला वर्गासमोर उभं करून तिच्या बोलण्याची नक्कल केली होती. त्या दिवसापासून तिने जीभ घासूनपुसून लख्ख केली. कक्षात डोंगराकडचं कुणी आलं की ती आधी पुस्तकी मराठीत बोलायची, त्याला कळलं नाही की मग आवाज खाली आणून घरच्या बोलीत. आपल्याच माणसांशी आपल्याच भाषेत कुजबुजणारी माणसं तुम्हीआम्ही पुष्कळ पाहिली आहेत. तिला हसण्यात अर्थ नाही.

एरवी तिच्याकडे नाव ठेवायला जागा नव्हती. नवरा रूपेश तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा, बोईसरला भाड्याची खोली होती, आणि गावाकडे आई चिमी अजून स्वतःच्या पायांवर डोंगर चढत होती. भावनाची नोकरी एजन्सीमार्फत, दरवर्षी मार्चला नव्याने करार. पण पाड्यावर कुणाला एजन्सी कळत नव्हती की करार. ‘आपली पोर आतमधी हाय,’ एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढं त्यांना पुरे होतं.

आता हा कक्ष कशासाठी होता ते सांगायला हवं. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकवणाऱ्या लोकांना त्या तुकड्यांचे पट्टे मिळाले होते. पण पट्टे कागदाचे, आणि कागदाला शंभर शत्रू. कुठे वाळवी लागलेली, कुठे आकडा खरडून दुसरा लिहिलेला, कुठे फाइलच जागेवर नाही. म्हणून सरकारने नवा प्रयोग काढला. सगळ्या नोंदी ब्लॉकचेनवर चढवायच्या. कंपनीकडून आलेला प्रणव नावाचा इंजिनियर होता, गोरागोमटा, सगळ्यांना ताई-दादा म्हणणारा. त्याने पहिल्याच दिवशी फळ्यावर चौकोन काढून समजावलं होतं.

“प्रत्येक नोंदीच्या पोटात आधीच्या नोंदीचा ठसा असतो. मागची एक जरी बदलायला गेलात, तरी पुढच्या सगळ्या जुळेनाशा होतात. प्रती पाच ठिकाणी आहेत. कलेक्टरच्या बापालाही खोडता येणार नाही.”

“आणि चूक झाली तर?” भावनाने विचारलं होतं.

“तर पुढे दुरुस्तीची नवी नोंद जोडायची. जुनी तिथेच राहते. कुणी केली, किती वाजता केली, सगळं दिसतं. ताई, तुम्हाला काय भीती? तुम्ही चुकतच नाही.”

सगळे हसले, तीही हसली. पाड्यावर जाऊन तिने हे बायकांना तिच्या परीने सांगितलं. टोपली विणताना मधलीच काडी ओढली तर काय होतं, तसं. बायकांना लगेच पटलं. ब्लॉकचेन हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला साखळी म्हणू लागले. आता आपलं नाव साखळीत गेलं की कुणी माईचा लाल काढू शकत नाही, ही गोष्ट महिन्याभरात पाड्यापाड्यावर झाली. आणि ती सांगणारी होती भावना. म्हणजे साखळी काय चीज आहे हे तिला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

चिमीच्या शेजारचं घर झिपरू आणि मंगळीचं. भावना लहानपणी निम्मा वेळ त्यांच्याच अंगणात असायची. या दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे शेजारची पोरं हीच त्यांची पोरं. झिपरू अबोल, कामाला वाघ. मंगळी बोलकी, हाताने सढळ, रागावली तरी पोरांना आधी भाकरी देऊन मग रागावणारी. घरामागचा दीड एकराचा उतार दोघांनी मिळून हाताखाली आणला होता. रोपांसाठी राब भाजायचा तो दोघांनी, लावणी करायची ती दोघांनी, आंब्याची सहा झाडं लावली तीसुद्धा मंगळीने डोक्यावरून हंडे वाहून जगवलेली. ग्रामसभेने ठराव केला तेव्हा त्यात सरळ लिहिलं होतं, झिपरू व मंगळी. नातं लिहायचं कुणाला सुचलं नाही. अख्ख्या पाड्याला जे दिसतं ते कशाला लिहायचं?

फक्त त्या दोघांचं लगीन झालेलं नव्हतं.

यात पाड्याला काही वावगं वाटत नसे, आणि वाटायचं कारणही नव्हतं. वारल्यांत सुपारी फुटली, दोन्हीकडची माणसं ताडी प्यायली, की मुलगी नांदायला जाते. ती बायको झाली. लगीन ही वेगळी गोष्ट. त्याला मांडव हवा, भिंतीवर लग्नाचं चित्र, म्हणजे चौक, लिहायला हवा, गाणी म्हणत लगीन लावणारी धवलेरी हवी, पाड्याला जेवण हवं. ते जमेल तेव्हा. कुणाचं दोन वर्षांत जमतं, कुणाचं वीस वर्षांत. पोरीच्या लग्नाआधी मात्र आईबापाचं लागायलाच हवं, म्हणून कितीतरी मांडवांत सकाळी आईबापांना हळद लागते आणि दुपारी पोरीला. झिपरू-मंगळीला पोर नाही, म्हणून मांडव घालायचं निमित्तच कधी आलं नाही. पस्तीस वर्षं तशीच गेली, आणि चांगली गेली.

भावनाला हे सगळं पाठ होतं. तिच्या स्वतःच्या मांडवात सकाळी चिमीला हळद लागली होती. पालघरच्या कॉलेजातल्या मैत्रिणी लग्नाला आल्या होत्या. त्यातली किंजल सगळ्यांच्या देखत म्हणाली, “अगं, तुझ्या आईचं लग्न आज? मग तू कुठून आलीस?” आणि सगळ्या जणी पोट धरून हसल्या. पन्नाशीची चिमी हळदीच्या अंगाने, डोक्याला बाशिंग बांधून, सुखाने लाजत बसली होती. भावनाही लाजत होती, पण तिची लाज वेगळी होती. आईकडे बघायचंसुद्धा तिने टाळलं. लग्नाच्या फोटोंतले सकाळचे फोटो तिने पुढे कुणालाच दाखवले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत कक्षाचं उद्घाटन झालं. पालघरचं एक सभागृह घेतलं होतं. हार, समई, मोठा पडदा, आणि पडद्यासमोर टेबलाशी संगणकावर अर्थातच भावना. पहिल्या काही नोंदी पाहुण्यांसमोर चढवून दाखवायच्या होत्या, आणि पहिली नोंद म्हणून तिनेच झिपरूची फाइल काढली होती. हे तिने प्रेमाने केलं होतं, एवढं श्रेय तिला द्यायला हवं. जवळची माणसं, स्वच्छ कागद, वाद नाही. अर्जातली माहितीही मंगळीनेच अंगणात बसून तिला सांगितली होती. झिपरू धुतलेला सदरा घालून आणि मंगळी नवं लुगडं नेसून पुढच्या खुर्च्यांवर बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा गादीच्या खुर्चीवर बसल्यामुळे दोघंही टोकावर टेकली होती.

भावना भरत गेली. नाव, पाडा, क्षेत्र, चतुःसीमा. पडद्यावर अक्षरं मोठी होऊन उमटत होती. मग आलं ‘वैवाहिक स्थिती’. त्यात पर्याय चार होते. विवाहित. अविवाहित. विधवा-विधुर. आणि चौथा, ‘रूढीनुसार सहजीवन’. हा चौथा निवडला की जोडीदाराच्या नावाचा रकाना उघडायचा आणि पट्टा दोघांच्या नावे व्हायचा. कायदाही तेच सांगतो, पट्टा नवराबायको दोघांचा. तिने फक्त चौथ्या ओळीवर बोट दाबायचं होतं.

तिच्या पाठीशी दिल्लीहून आलेले एक साहेब उभे होते. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “ये चौथा ऑप्शन क्या है भाई? लिव्ह-इन?” बाजूचे दोघेतिघे हसले. साहेब आणखी खुलले. “हमारे दिल्ली से तो ये लोग आगे निकल गए!” हसणं मागच्या रांगांपर्यंत गेलं. साहेबांनी मंगळीकडे पाहून भावनाला विचारलं, “ये इनकी वाइफ नहीं है क्या?”

भावनाच्या कानशिलात रक्त भरलं. तिला समजावता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. हिंदी तिला येत होती, प्रथा तिला येत होती, चौथी ओळ समोर होती. पण ते हसणं तिला ओळखीचं होतं, आणि आता ही सगळी माणसं वळून तिला विचारतील की तुमच्यात असंच असतं का, या भीतीने तिची मती गुंग झाली.

“नहीं सर,” ती म्हणाली. “रिश्तेदार है. घर में रहती है.”

आणि तिने ‘अविवाहित’ निवडलं. जोडीदाराचा रकाना पडद्यावरून नाहीसा झाला. नोंद साखळीत गेली, हिरवी खूण उमटली, टाळ्या पडल्या. झिपरूला प्रमाणपत्र देताना फोटोग्राफरने मंगळीला चौकटीतून सरकायला सांगितलं, तिला हिंदी कळेना, तेव्हा भावनाच पुढे झाली. “मावशी, तू जरा बाजूला बस,” तिने कुजबुजून सांगितलं. मंगळी लगेच बाजूला बसली. पोर सांगते म्हणजे काहीतरी रीत असेल.

त्या दुपारी भावनाने प्रणवला सहज विचारल्यासारखं विचारलं, एखादी नोंद परत घ्यायची असेल तर? प्रणव म्हणाला, परत नाही घेता येत, दुरुस्ती जोडा, कारण द्या, राजनंदिनी मॅडम मंजूर करतील. राजनंदिनी मॅडम म्हणजे कक्षाच्या प्रमुख अधिकारी. त्या कारण विचारणार. काय सांगायचं? उद्या बघू, असं भावनाने ठरवलं. उद्याचा परवा झाला, परवाचा महिना झाला. पुढे हजारभर नोंदी तिच्या हातून चढल्या. त्यात रूढीनुसार राहणारी जोडपी कितीतरी होती, आणि त्या प्रत्येकाला तिने न चुकता चौथी ओळ दिली. पाठीमागे कुणी उभं नसलं की ती पुन्हा कधीच न चुकणारी भावना होती. पाड्यावर गेली की मंगळी म्हणायची, “बस गं, भाकर खाऊन जा.” भावना म्हणायची, घाई आहे. दीड वर्षात तिने मंगळीच्या घरी पाण्याचा घोट घेतला नाही.

मग गेल्या पावसाळ्यात झिपरू काविळीने गेला. तेराव्या दिवसानंतर त्याचा धाकटा भाऊ रामू पट्ट्याची प्रत घेऊन मंगळीकडे आला. रामू बोईसरला कारखान्यात हेल्पर, वर्षातून दोनदा गावी येणारा. माणूस वाईट नव्हता. मंगळीच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. पण कागद हातात आला की भल्या माणसाच्याही डोक्यात वारं शिरतं. कुणा शहाण्याने त्याला वाचून दाखवलं होतं की भाऊ अविवाहित, म्हणजे वारस तू. तो मंगळीला म्हणाला, “तू ऱ्हा तुला ऱ्हायचा तवर. पन भुई माज्या नावाची व्हनार.” घर त्याच भुईवर होतं, आंबे त्याच भुईवर होते. पस्तीस वर्षांनंतर मंगळी स्वतःच्या घरात पाहुणी झाली.

ती दुसऱ्या दिवशी पालघरला कक्षात आली, प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. भावनाच्या टेबलाशी उभी राहिली.

“पोरी, रामू काय बोलतं बग. बोलतं, साकलीत माजा नाव नाय. मी बोललू, आसा कसा? आमच्या भावनानं सोता लिवलंय. तू जरा मना वाचून दाव.”

भावनाने प्रमाणपत्र हातात घेतलं. त्यावर काय होतं ते तिला वाचायची गरज नव्हती. “काहीतरी चुकलंय मावशी,” ती म्हणाली. “मी बघते. तू जा.”

“मंग झाला,” मंगळी म्हणाली. “तू बगतंस ना.” आणि ती खरोखर निर्धास्त होऊन गेली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेल्यावर भावनाने दुरुस्तीचा रकाना उघडला. अविवाहितच्या जागी रूढीनुसार सहजीवन, जोडीदार मंगळी. मग ‘दुरुस्तीचे कारण’. इथेही यादीच होती. ‘तांत्रिक चूक’ म्हटलं तर प्रणव तपासणार आणि खोटं पाच मिनिटांत उघडं पडणार. ‘ऑपरेटरची चूक’ म्हटलं तर पट्टा ग्रामसभेच्या ठरावावर लगेच दुरुस्त होणार, पण एजन्सीला नोटीस जाणार आणि मार्चचा करार गेलाच म्हणून समजा. तिसरं कारण होतं, ‘अर्जदाराने चुकीची माहिती दिली’. त्याला सुनावणी लागत होती, पण सुनावणीला मॅडम होत्या, मॅडम समंजस होत्या, मंगळीला पट्टा मिळणारच होता. मग कुणाचं काय बिघडलं? निरक्षर बाई, तिला कोण जाब विचारतंय? भावनाने एवढा हिशेब मांडला आणि तिसऱ्या कारणावर बोट दाबलं. हिरवी खूण उमटली. या खेपेला टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

जाब विचारला गेला. त्याचं असं झालं की रामूने हरकत घेतली. बाई आज एक सांगते, उद्या दुसरं सांगेल, असं त्याच्या अर्जात कुणीतरी झोकात लिहून दिलं होतं. साखळीच तसं म्हणत होती. डिसेंबरात सुनावणी लागली. टेबलाच्या एका बाजूला राजनंदिनी मॅडम, दुसऱ्या बाजूला रामू, मंगळी, आणि मंगळीसोबत आलेली चिमी. कोपऱ्यात संगणकाशी, जबाब टाइप करायला, भावना. आपल्या आईसमोर आणि मंगळीसमोर ती पाठ ताठ करून बसली होती आणि की-बोर्डवरून नजर उचलत नव्हती.

“मावशी,” मॅडमनी नरमाईने विचारलं, “अर्ज भरताना तुम्ही चुकीची माहिती दिली, अशी नोंद आहे. झिपरू अविवाहित आहे असं तुम्ही सांगितलं होतं?”

मंगळीला प्रश्न कळायला वेळ लागला. तिने भावनाकडे पाहिलं. भावनाने मान वर केली नाही. ती शिकलेली नव्हती, खुळी मात्र नव्हती. आपण काय सांगितलं होतं ते तिला पक्कं आठवत होतं, आणि आतली पोर मान वर करत नाही हेही तिला दिसत होतं. मग ती हात जोडून उभी राहिली.

“आमी अडानी मानसां, बाय. आमचाच चुकला आसल. पोरीनं बराबर लिवलंय, पोर नाय चुकत. आमीच सांगाय चुकलू. माप करा.”

चिमीने मान हलवून दुजोरा दिला. “हां, हां. आमच्यातच चूक,” ती म्हणाली. मुलीची नोकरी सांभाळायला आईसुद्धा पुढे सरली होती.

भावनाचे हात की-बोर्डवर होते. हे वाक्य तिने टाइप करायचं होतं. ‘आमचीच चूक’ एवढं तिने लिहिलंसुद्धा. मग तिला पुढे लिहवेना. ती उभी राहिली तेव्हा खुर्ची मागे भिंतीला आपटली.

“मॅडम, ह्यांचा चुकला नाय,” ती म्हणाली. शुद्ध मराठी तिच्या तोंडून कुठे गेली कुणास ठाऊक. “मंगळी मावशीनं खरा सांगितलंता. मना सगला ठावा व्हता. मीच लिवला नाय.”

रामूने खाली पाहिलं. भावना सगळं सांगत गेली. साहेबांचं हसणं, रिश्तेदार, अविवाहित, मग सुट्टीत दाबलेलं तिसरं कारण. सांगताना ती रडली नाही, आणि न रडल्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं.

राजनंदिनी मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

“भावना, तो चौथा पर्याय मी टाकून घेतला होता,” त्या म्हणाल्या. “तीन बैठका भांडले मी त्याच्यासाठी. वरून म्हणत होते, कशाला हवंय हे, तीन पुरेत. मी म्हणाले, नाही, तिथल्या बायकांची नावं गळतील. आणि उद्घाटनाला तुम्हालाच बसवलं. म्हटलं, तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको.”

भावनाला वाटलं, बँकेचा मजला, खालची तिजोरी, सगळ्यासकट जमिनीने आपल्याला गिळावं. कोकणस्थ घरातली, पुण्याहून आलेली बाई आपल्या माणसांच्या रीतीसाठी भांडली होती. आणि त्याच रीतीत जन्मलेल्या आपण, ती ओळ हाताशी असून तिच्यावरून बोट सरकवलं. तेही एका परक्याच्या हसण्याला भिऊन. तो माणूस संध्याकाळच्या विमानाने दिल्लीला जाऊन हे सगळं विसरलाही असेल.

चिमी हळूच म्हणाली, “माजा लगीन झाला तवा पन तू माज्याकडं बगलं नाय.” ती रागाने म्हणाली नाही. नुसतं म्हणाली.

तिसरी नोंद त्याच संध्याकाळी झाली. मॅडमनी भावनालाच बसवलं, कारण नियमाने ज्याची चूक त्यानेच कारण लिहायचं. सुनावणीनंतरच्या दुरुस्तीला यादी नव्हती, मोकळी जागा होती, दोनशे अक्षरांची. भावनाने लिहिलं, “अर्जदार बाईने खरी माहिती दिली होती. ऑपरेटरला रूढी माहीत होती. लाज वाटली म्हणून नोंदली नाही. दुसऱ्या नोंदीतले कारणही खोटे आहे. भावना वरठा.” प्रणव मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, “ताई, ‘ऑपरेटरची चूक’ एवढंच लिहिलंत तरी चालेल. हे कायमचं राहतं.” भावना म्हणाली, “म्हणूनच.” आणि तिने बटण दाबलं. टायपात एकही चूक नव्हती.

हे धैर्य होतं असं कुणी म्हणालं तर तिला आवडणार नाही, आणि ते खरंही नाही. एक बाई आपल्यासाठी हात जोडून उभी राहिली तेव्हा कुठे तिच्या तोंडून सत्य निघालं. रामूने हरकत मागे घेतली. एजन्सीची नोटीस आली, भावनाला संगणकावरून उठवून कागद लावायच्या कामावर बसवलं, मार्चचं मार्चला बघू असं सांगितलं. रूपेश म्हणाला, एवढं उघडं लिहायची काय गरज होती?

पंधरा दिवसांनी मंगळी नवं प्रमाणपत्र न्यायला आली. दोन नावं, झिपरू आणि मंगळी. भावनाने ते तिच्या हातात दिलं, खुर्ची पुढे केली, चहा सांगते म्हणाली. मंगळी बसली नाही.

“साकलीत काय काय लिवलंय ते सगला वाच,” ती म्हणाली. “आदीपासून.”

भावनाने दुसऱ्याच्या संगणकावर नोंद उघडली आणि वाचली. पहिली, तारखेसकट, वेळेसकट. दुसरी. तिसरी. आता ती कुजबुजत नव्हती, आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जात होतं. वाचून झाल्यावर मंगळीने बोटांवर मोजल्यासारखं केलं.

“दोनदा?” तिने विचारलं.

“हो मावशी. दोनदा.”

“पैल्यांदा तो सायब हसला,” मंगळी म्हणाली. “मी तथंच बसलेली. तू त्या दिशी सांगितला तवा मना वाटला, पोर घाबरली आसल. मी तवाच सोडला.” ती थोडी थांबली. “दुसऱ्यांदा कोन हसला?”

दुसऱ्यांदा खोलीत कुणीच नव्हतं.

मंगळीने उत्तराची वाट पाहिली, पुरती पाहिली. मग तिने प्रमाणपत्र पिशवीत गुंडाळलं, पिशवी पदराखाली धरली आणि जिन्याकडे वळली. भावना जिन्यापर्यंत तिच्या मागे गेली. खाली उतरताना मंगळीने वळून पाहिलं नाही. साडेबाराची एसटी तिला गाठायची होती.